बी साइडला मालकंस

सदाशिव पेठ, पुणे

ती. आई-बाबा,
सा. न.

रंगारी सोमवारी येणार म्हणून माळा रिकामा केला. तांब्याचा बंब ठेवलाय, आई, काळजी करू नकोस. मोडक्या छत्र्या मात्र गेल्या.

बंबाच्या मागे बुटांच्या खोक्यात माझ्या कॅसेटी सापडल्या. त्यात 'टॉक टॉक' या इंग्लिश बँडची 'स्पिरिट ऑफ ईडन'. बाबा, तुम्हाला नाव आठवणार नाही, पण प्रसंग नक्की आठवेल. वाड्यातल्या खोलीत मी ती लावली होती आणि काहीच ऐकू येईना. तुम्ही म्हणालात, "हेड खराब झालंय," आणि आवाजाचं बटण पार शेवटपर्यंत फिरवलंत. तेवढ्यात 'डिझायर' या गाण्यातले ड्रम आणि गिटार एकदम अंगावर आले. खालून मालक धावत वर आले, आणि आईने त्यांना चहा पाजून परत पाठवलं.

खरं तर मलाही ती तेव्हा आवडली नव्हती. हॉस्टेलवरच्या मित्राने भरून दिली होती. 'इट्स माय लाइफ'वाला बँड, म्हणजे नाचायची गाणी असणार असं वाटलं होतं. निघालं भलतंच. त्यांचा आधीचा अल्बम भरपूर खपला, म्हणून कंपनीने या वेळी त्यांना मोकळं सोडलं. हे लोक लंडनमधल्या एका जुन्या चर्चच्या इमारतीतल्या स्टुडिओत जवळजवळ अंधार करून महिनोन् महिने बसले. वादक येत, सुचेल ते वाजवत, आणि गायक मार्क हॉलिस त्यातलं थोडंसंच ठेवून बाकी टाकून देत असे. 1988 साली अल्बम निघाला तेव्हा फारसा चालला नाही. पुढे कंपनी आणि बँड कोर्टात भांडले. आज जाणकार त्याला डोक्यावर घेतात. हॉलिस 2019 मध्ये गेला. त्याआधी कितीतरी वर्षं त्याने गाणं सोडलेलंच होतं.

टू-इन-वनचा बेल्ट सैल झाला होता, तो तपकीर गल्लीतून बदलून आणला. कॅसेटच्या आतलं स्पंजचं बारकं पॅड निघालं होतं, ते चिकटवलं. आणि रात्री दिवे घालवून ऐकलं. सुरुवातीला लांबून एक ट्रम्पेट, मग बराच वेळ जवळजवळ काही नाही, मग अ‍ॅम्प्लिफायरमधून फाटून आलेला माउथ ऑर्गन. पहिली तीन गाणी मिळून तेवीसेक मिनिटं, मध्ये न थांबता. बाबा, तुम्ही आलापी ऐकताना डोळे मिटून बसायचात आणि मी घड्याळ बघायचो. परवा मी घड्याळ बघितलं नाही. शब्द अजूनही निम्मे कळत नाहीत, हॉलिस तोंडातल्या तोंडात गातो.

मग बाजू उलटली. लेबलवरचं माझं इंग्रजी खोडून तुमच्या अक्षरात लिहिलंय : मालकंस. तुम्ही पुसलंत म्हणून मी दोन दिवस तुमच्याशी बोललो नव्हतो. ज्याची मला पर्वा नव्हती त्यासाठी! गेलेल्या तीन गाण्यांतल्या एकाचं नाव 'इनहेरिटन्स', म्हणजे वारसा. हसा आता. ती तिन्ही फोनवर ऐकली. मधलं हेरॉइनच्या व्यसनावरचं आहे, त्यात चर्चमधली मुलं कोरसला आहेत. ते तेवढं एकदा ऐकाच.

पण सांगायचं होतं ते वेगळंच. टू-इन-वनमधला रेडिओ तेव्हा बंद होता, म्हणून तुम्ही मोठा रेडिओ समोर ठेवून माइकवर शनिवारचा राष्ट्रीय कार्यक्रम भरलात. त्यामुळे त्यात आपली खोलीही भरली गेली आहे. पंख्याची घरघर. बोळातून जाणारी स्कूटर. विलंबित चालू असताना आई विचारते, "अहो, कडी लावली का?"

बाबा, तुम्ही उत्तर देत नाही. खुर्ची करकरते, पावलं दूर जातात, कडीचा 'खट्' आवाज येतो, पावलं परत येतात. तुम्ही हूं की चूं केलेलं नाही, का तर रेकॉर्डिंग चालू आहे. आई पुन्हा विचारते, "लावली का?" तरी गप्प!

हा तुकडा फोनवर घेऊन ताईला पाठवलाय, ती लावून देईल. सुरुवातीची घोषणा कापली गेली आहे, तेव्हा गातंय कोण ते मात्र तुम्हीच सांगा. माझा एक अंदाज आहे, पण तो चुकला तर तुम्ही मला नाशकापर्यंत ऐकवाल.

तुमचा,
नंदू