उरलेल्या गोळ्या नकोत, तुमचे दोन तास हवेत

सप्रेम नमस्कार.

इंदूरच्या रामबाग, नारायणबाग परिसरात कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यात घरीच असलेल्या रुग्णांकडे आपल्या मंडळाचे कार्यकर्ते जातात. गेल्या महिन्यात त्यांतले एक काका गेले. तेरावं झाल्यावर सूनबाई मॉर्फिनच्या, म्हणजे तीव्र वेदना शमवणाऱ्या औषधाच्या, उरलेल्या गोळ्या घेऊन आल्या, "कुणाच्या तरी उपयोगी पडतील." मन भरून आलं, पण गोळ्या घेतल्या नाहीत. काकांचं शरीर हळूहळू ज्या मात्रेला सरावलं होतं, तीच मात्रा नवख्या, अशक्त रुग्णाचा श्वास मंदावू शकते. अशा गोळ्या जिथून आणल्या, त्या रुग्णालयातच परत द्या.

मात्र आम्हाला जास्त सलतं ते वेगळंच. गोळ्या घरात असतात आणि दिल्या जात नाहीत. घरचे म्हणतात, "अफूच ती, सवय लागेल." "ही सुरू केली म्हणजे संपलंच." नीमच-मंदसौरच्या शेतांत अफू पिकते, नीमचच्या सरकारी कारखान्यात तिच्यातून मॉर्फिन निघतं, आणि याच माळव्यात आपली आजी रात्रभर कण्हत पडते! २०१४ साली अमली पदार्थांचा कायदा बदलला तोही रुग्णांना हे औषध मिळणं सोपं व्हावं म्हणूनच.

मॉर्फिनची साधी, लवकर असर करणारी गोळी बहुधा दर चार तासांनी असते. डॉक्टरांनी लिहिलेली वेळ पाळा, दुखणं उसळायची वाट बघू नका. बद्धकोष्ठ होतोच, म्हणून पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून विचारून घ्या. सुरुवातीला दोन-तीन दिवस गुंगी वाटते. झोपेची गोळी मनाने जोडू नका, मॉर्फिन एकदम थांबवूही नका. हाका मारूनही रुग्ण उठत नसेल, श्वास फारच संथ झाला असेल, तर पुढची गोळी न देता लगेच डॉक्टरांना कळवा.

हे सगळं एकट्या सुनेने किंवा लेकीने सांभाळायचं, तेही रात्र-रात्र जागून. तिला आठवड्यातून दोन तास उसंत देणारं माणूस हवं आहे. काय करायचं ते नर्सताई शिकवतील. देणगीतून कुलपाचे छोटे डबे (घरात नातवंडं असतात), गोळ्यांची वेळ लिहायच्या वह्या, हवेच्या गाद्या आणि नर्सताईंचा रिक्षाखर्च भागवायचा आहे. रक्कम लहान असली तरी चालेल, पावती मिळेल.

मंडळाचं कार्यालय रविवारी सकाळी १० ते १२ उघडं असतं. घरी असा रुग्ण असेल तर संकोच न करता या.