दिव्यांगांविषयी सभागृहात काय बोललं जातं, तेही छापा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

दरवर्षी ३ डिसेंबरला, जागतिक दिव्यांग दिनी, आपल्या दैनिकात साहित्यवाटपाचे फोटो येतात. तीनचाकी सायकलींची रांग, मागे मान्यवर, पुढे हात जोडून बसलेलं कुणीतरी. वाटप वाईट नाही. आमच्या गल्लीतल्या एका मुलीला अशीच सायकल मिळाली आणि ती कॉलेजला जाऊ लागली. पण दिव्यांगांच्या हक्कांबद्दल संसदेत नि विधिमंडळात वर्षभरात कोण काय बोललं, कुणी प्रश्न विचारला, मंत्र्यांनी काय उत्तर दिलं, हे मला आपल्या पानांत सापडत नाही. ते छापत जा, एवढ्यासाठी हे पत्र. कारण सांगायला मात्र जरा लांबून यावं लागेल.

माझा दादा जन्मापासून बहिरा. वय ६७. त्याच्या शाळेत मोठ्या मुलांपुढे तीन वाटा ठेवायचे: शिवण, सुतारकाम, छापखाना. दादाला वेड मोटारींचं. रस्त्यात गाडी बंद पडली, की बॉनेट उघडायच्या आत हा तिथं हजर. पण गॅरेजवाला वडिलांना म्हणाला, इंजिनाचा आवाजच ज्याला ऐकू येत नाही तो दुरुस्ती काय करणार? मग दादा जुळारी झाला, म्हणजे छापखान्यात शिशाची अक्षरं (खिळे) जुळवणारा. हात असा बसला, की खिळ्यांचं उलटं पान तो आपण सुलटं वाचतो तसं वाचायचा. पुढे ऑफसेट आलं, खिळे वजनावर भंगारात गेले आणि दादा घरी बसला.

गेल्या महिन्यात दादाच्या मुलाने, माझ्या भाच्याने, मोबाइलवर एक जुनं चित्रण लावलं. १३ जुलै १९९०, अमेरिकेच्या सिनेटचं सभागृह. आयोवा राज्याचे सिनेटर टॉम हार्किन उभे आहेत. बोलता बोलता त्यांचा आवाज थांबतो आणि हात बोलू लागतात. भर सभागृहात ते खुणांच्या भाषेत भाषण करत होते. दादाने चहाचा कप खाली ठेवला. अमेरिकेतली खुणांची भाषा वेगळी आहे. त्यांची एबीसीडी एका हाताने होते, आपल्याकडची दोन हातांनी. त्यामुळे दादाला शब्द कळले नसणार. तरी त्याने ते तीनदा पाहिलं आणि मला खुणेने विचारलं, "ह्याच्या घरात कोण?"

मग मी शोधून वाचलं. घरात थोरला भाऊ होता, फ्रँक. लहानपणीच बहिरा झालेला. त्याला घरापासून दूर, कौन्सिल ब्लफ्स गावच्या बधिरांच्या सरकारी शाळेत ठेवलं. तिथं त्याला सांगण्यात आलं, तुला तीनपैकी एक होता येईल: पाववाला, चांभार किंवा छापखान्यातला मदतनीस. फ्रँकला यातलं काहीच व्हायचं नव्हतं, म्हणून त्याला बेकरीचं काम शिकवलं. दादाला हे वाचून दाखवलं (म्हणजे लिहून दाखवलं), तेव्हा 'छापखाना' या शब्दावर त्याने बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही.

फ्रँकला पुढे एका कारखान्यात काम मिळालं, जेट इंजिनाचे सुटे भाग बनवणाऱ्या. मालकाने बहिऱ्या माणसांना मुद्दाम कामावर घेतलं होतं. २३ वर्षांत फ्रँकचे खाडे पडले तीन. हार्किन हे सगळं सिनेटमध्ये, समित्यांपुढे, पुन्हा पुन्हा सांगत. दुकानात गिऱ्हाईक बहिरं आहे हे कळलं, की विक्रेती फ्रँककडे बघायचीच बंद व्हायची आणि लहान टॉमला विचारायची, "ह्याला काय हवंय?" माझ्या लहानपणी कापडाच्या दुकानात मलाही नेमकं हेच विचारत.

संपादक महाराज, घरातलं दुःख सभागृहात सांगणं सोपं असतं असं कुणी म्हणेल. पण हार्किन सांगून थांबले नाहीत, म्हणून मी त्यांना मानते. अपंगांशी भेदभाव करायला मनाई करणारा अमेरिकेचा कायदा (अमेरिकन्स विथ डिसॅबिलिटीज ॲक्ट), त्याचा पहिला मसुदा १९८८ साली लॉवेल वायकर या सिनेटरांनी मांडला होता. त्याच वर्षी ते निवडणूक हरले. हार्किन यांनी तो विषय उचलला आणि ९ मे १९८९ रोजी नवं विधेयक आणलं. समोरून आक्षेप आले ते आपल्याकडेही येतात तेच: खर्च कोण करणार, लहान धंद्याने किती भार सोसायचा, अपंगत्व म्हणजे नक्की काय. त्यांनी एकेका प्रश्नाला उत्तर दिलं. 'वाजवी सोय' करून द्यायची, पण धंद्याला झेपणार नाही इतका भार टाकायचा नाही, ही मांडणी त्या कायद्यात आहे. ७ सप्टेंबर १९८९ ला सिनेटने ७६ विरुद्ध ८ मतांनी ते संमत केलं.

मग प्रतिनिधीगृहात, म्हणजे तिथल्या संसदेच्या दुसऱ्या सभागृहात, ते अडकलं. १२ मार्च १९९० रोजी वॉशिंग्टनच्या कॅपिटल इमारतीपुढे अपंग कार्यकर्त्यांनी चाकाच्या खुर्च्या नि कुबड्या बाजूला ठेवल्या आणि पायऱ्या सरपटत चढायला घेतल्या. त्यात आठ वर्षांची एक मुलगीही होती. शेवटी १३ जुलैला सिनेटने ९१ विरुद्ध ६ मतांनी अंतिम मसुद्याला मान्यता दिली. तेच ते भाषण. खुणांनी बोलून झाल्यावर हार्किन यांनी सभागृहाला अर्थ सांगितला: मी फ्रँकला सांगत होतो, की संसदेतल्या माझ्या १६ वर्षांत आजच्याइतका अभिमान मला कधी वाटला नाही, आज आपण भीतीला, अज्ञानाला आणि पूर्वग्रहाला नाही म्हणत आहोत. २६ जुलैला राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांची सही झाली. बहिऱ्यांसाठी त्यात एक फार मोलाची तरतूद आहे. टेलिफोन कंपन्यांनी चोवीस तास मधला माणूस पुरवायचा. बहिरा टाइप करणार, तो पलीकडच्याला वाचून दाखवणार, आणि तिकडचं बोलणं टाइप करून परत पाठवणार.

त्याच वर्षी हार्किन यांनी आणखी एक लहानसा कायदा करून घेतला. तेव्हा टीव्हीवर खाली अक्षरं दिसायला वेगळी पेटी विकत घ्यावी लागे. या कायद्याने १९९३ च्या जुलैपासून १३ इंच वा त्याहून मोठ्या प्रत्येक टीव्हीतच ती सोय बसवायला लावली. दादा आज मोबाइलवर सबटायटल लावून क्रिकेटच्या मुलाखती बघतो, तेव्हा मला त्या तेरा इंचांची आठवण येते.

कायदा झाला म्हणजे संपलं नाही, हे मला या गोष्टीतून फार नीट कळलं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९९ पासून अपंगत्वाची व्याख्या अरुंद करत नेली. चष्मा लावून किंवा औषध घेऊन भागत असेल तर तुम्ही अपंगच नाही, असा अर्थ निघू लागला. कंपनीने चष्म्यामुळे नाकारायचं आणि कोर्टाने चष्म्यामुळेच दाद द्यायची नाही! हार्किन तोवर सभागृहातच होते. विरोधी पक्षाच्या ऑरिन हॅच यांना सोबत घेऊन त्यांनी दुरुस्ती आणली आणि २५ सप्टेंबर २००८ ला तिच्यावर धाकट्या बुश यांची सही झाली. बापाने सही केलेला कायदा मुलाच्या सहीने पुन्हा उभा राहिला.

सगळंच जमलं असंही नाही. दिव्यांग हक्कांचा संयुक्त राष्ट्रसंघाचा करार सिनेटकडून मंजूर करून घ्यायचा प्रयत्न ४ डिसेंबर २०१२ ला फसला. ६१ मतं बाजूने, ३८ विरोधात, आणि दोन तृतीयांशाला पाच कमी. माजी सिनेटर बॉब डोल, वय ८९, कराराला पाठिंबा द्यायला चाकाच्या खुर्चीतून सभागृहात आले होते, त्यांच्या पक्षातल्या बहुतेकांनी त्यांच्यासमोर विरोधी मत दिलं. भारताने तोच करार १ ऑक्टोबर २००७ लाच मंजूर केलेला आहे. या बाबतीत आपण अमेरिकेच्या पुढे आहोत, आणि हे आपल्याच वाचकांना ठाऊक नाही.

त्या करारामुळेच आपल्याकडे २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आला. १४ डिसेंबरला राज्यसभेत, १६ ला लोकसभेत संमत झाला. नोटाबंदीच्या गदारोळात ते अख्खं अधिवेशन वाहून गेलं होतं. दोन्ही बाजूंनी एकत्र येऊन जे थोडं काम झालं त्यात हा कायदा होता. अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ झाले, सरकारी नोकऱ्यांत आरक्षण ३ वरून ४ टक्के झालं. एवढ्या मोठ्या गोष्टीच्या चर्चेत कोण कोण काय बोललं? बँकेपुढच्या रांगा सोडून त्या आठवड्यात दुसरी बातमी नव्हती, हे मी समजू शकते. पण नंतरही कुणी छापलं नाही.

८ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की या कायद्याखालचा सुगम्यतेचा नियम नुसता शिफारशीसारखा ठेवून चालणार नाही, बंधनकारक निकष तीन महिन्यांत करा. म्हणजे रॅम्प, लिफ्ट, ब्रेलमधल्या पाट्या, बसच्या पायऱ्या. त्याचं पुढे काय झालं, हे महाराष्ट्रातल्या कोणत्या खासदाराने सभागृहात विचारलं? एकाने विचारलं असलं तरी मला त्याचं नाव वाचायचं आहे. कुणीच विचारलं नसेल तर तेही वाचायचं आहे.

म्हणून विनंती. संसदेची शब्दशः कार्यवाही संकेतस्थळावर मिळते. अधिवेशन संपलं की दिव्यांगांविषयीचे प्रश्न, उत्तरं आणि भाषणं यांचा अर्धा रकाना छापा. बोलणाऱ्याचं नाव, पक्ष, मतदारसंघ घाला, भाषणातली दोन-चार वाक्यं जशीच्या तशी द्या. आमच्यासारख्या घरांना आपला माणूस कोण, हे तेव्हाच कळेल. बातमी वाचून आम्ही त्यांना पत्र लिहू, भेटायला जाऊ. हार्किन यांच्याकडे असेच लोक जात होते.

आणि एक शब्द. आपल्या बातम्यांत अजून 'मूकबधिर' येतो. इंग्रजीतल्या 'डम्ब' या शब्दाला मुका आणि बुद्दू असे दोन अर्थ आहेत, आणि फ्रँक म्हणायचा, मी बहिरा असेन, डम्ब नाही. दादाही मुका नाही. तो दिवसभर हातांनी इतकं बोलतो, की वहिनी कधी कधी दिवा बंद करते. 'कर्णबधिर' लिहा, नाहीतर सरळ 'बहिरा' लिहा, चालेल.

दादा रोज सकाळी आपलं दैनिक वाचतो, जुळाऱ्याच्या सवयीने चुका शोधत. येत्या नागपूर अधिवेशनापासून हा रकाना सुरू झाला, तर तो पहिल्या दिवसापासून तपासून देईल, असं त्याने मला लिहायला सांगितलं आहे.

आपली नियमित वाचक,
मिरज