नानांच्या देवदाराचा शेंडा

प्रिय बंड्या,

पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळं ठीक आहे. माझी पाठ होती तशीच आहे, साखर आटोक्यात आहे, हिचा खोकला गेला. तब्येतीचं एवढंच. फोन करता आला असता, पण फोनवर तू मधेच तोडतोस आणि हे मला सलग सांगायचंय.

नानांचा बोन्साय देवदार माझ्याकडे आलाय.

ताई स्वतः घेऊन आली, मागच्या सीटवर ठेवून, कुंडीला पट्टा बांधून. "मी पाणी घालत राहिले, पण मला यातलं काही येत नाही. माझ्या हातून तो वाळला तर मला बघवणार नाही," म्हणाली. चहासुद्धा न घेता निघाली आणि दारात चपला घालताना म्हणाली, "तुम्हा दोघांना वाटेल ते करा." तुम्हा दोघांना, बरं का. तेव्हापासून मला धड झोप नाही.

झाड उत्तम आहे. सुया निळसर हिरव्या, झुपका न् झुपका भरलेला. ताईनं पाणी तोलून घातलंय, मुळं कुठे कुजलेली नाहीत. खोडाचा खालचा भाग आता असा भेगाळलाय की हात फिरवला तर सालीचे लहान लहान तुकडे बोटांना वेगवेगळे लागतात. ही साल करता येत नाही, ती फक्त वाट बघून मिळते. आकार मात्र तुला पाठ आहे: खाली रुंद, वर निमुळता, शेंडा ताठ, प्रत्येक फांदी खोडापासून जरा वर उचललेली, कुठे फट म्हणून नाही. आजोबांना नातवाचा शर्ट घातल्यासारखं दिसतं रे. खोड म्हातारं आणि वरचा सगळा संभार तरणा.

उत्तराखंडातलं जागेश्वर आठव. देवळांभोवतीच्या दाटीतले देवदार सरळसोट वर गेलेले, आणि तू म्हणालास, "यांचं बोन्साय करून काय उपयोग, खांब दिसेल." मग वरच्या उघड्या धारेवर तो एकटा भेटला. शेंडा संपलेला, डोकं पसरट झालेलं, खालच्या जाड फांद्या आधी खाली उतरून मग आडव्या गेलेल्या, आणि दोन फांद्यांच्या मधून पलीकडचं आभाळ दिसत होतं. नाना त्याच्यासमोर दगडावर बसले ते उठायलाच तयार नव्हते. तू खाली उतरायची घाई करत होतास, बस चुकेल म्हणून. शेवटी चुकलीच.

मला या झाडात तो धारेवरचा म्हातारा दिसतोय. दिसतोय म्हणजे, खोडात तो आहेच, वरचं तेवढं राहिलंय.

देवदार लहानपणी शंकूसारखा वाढतो, कारण शेंड्याचा जोर बाकी सगळ्यांवर चालतो. वय झालं की तो जोर सरतो, बाजूच्या फांद्या शेंड्याला गाठतात आणि माथा पसरतो. फांद्याही कोवळ्या असताना खोडापासून वर चढतात. मग स्वतःचं वजन आणि दरवर्षीचं बर्फ त्यांना खाली आणतं. आतल्या, सावलीतल्या बारीक फांद्यांना ऊन मिळत नाही, त्या मरतात, आणि म्हणून म्हाताऱ्या झाडात फटी पडतात. म्हणजे वय दाखवायचं तर तीन कामं आली: फांद्या खाली ओढायच्या, मधली गर्दी काढायची आणि शेंडा घ्यायचा, म्हणजे कापायचा. पहिली दोन मी करू शकतो, चुकली तर सुधारता येतात. तिसऱ्यात परतीची वाट नाही. सुया नसलेल्या जुन्या लाकडावर देवदार सहसा नवा कोंब देत नाही, हे नाना आपल्याला इतक्यांदा सांगत की तू त्यांची नक्कल करायचास.

आणि ते तुझं लेबनॉनचं वेड! त्यांच्या झेंड्यावरचं झाड बघून तू आलास आणि म्हणालास, याच्याही फांद्या अगदी सपाट करू, पाटावर पाट मांडल्यासारख्या. नानांनी हात पुढे करून बोटं दाखवली होती: देवदाराच्या भाऊबंदांपैकी अ‍ॅटलासच्या फांद्यांची टोकं वर, लेबनॉनची आडवी, आणि आपल्या देवदाराची खाली. सायप्रसचा म्हणालास तर त्याच्या सुया सगळ्यात आखूड, म्हणून तो कुंडीत लवकर मोठ्या झाडासारखा दिसतो. देवदाराच्या सुया लांब, त्यामुळे त्याला लहान कुंडीत म्हातारं दाखवणं सगळ्यात कठीण. दोन महिने तू माझ्याशी नीट बोलला नाहीस, मी नानांची बाजू घेतली म्हणून. अजूनही घेतो. देवदार म्हातारा झाला तरी टोकं खाली झुकलेलीच हवीत. माथा पसरट चालेल, पण टोकं ताठ आडवी केली तर तो देवदार उरणार नाही.

आता खरं कारण. जुनी तार काढत होतो. सगळीकडे नानांची ती तपकिरी अ‍ॅल्युमिनियमची तार, सैलसर, शेवटच्या काळातली. मागच्या बाजूला, शेंड्याच्या जरा खाली, सुयांच्या आत एक फांदी सापडली. पेन्सिलीपेक्षा बारीक. बाकी सगळ्या फांद्यांचे कोंब वेळच्या वेळी खुडलेले, हिचे मोकळे सोडलेले, म्हणून ती लांब वाढलीय. आणि तिच्यावर तांब्याची तार आहे, बंड्या. मुळाशी खाली ओढून, मग डावीकडे वळवून, टोक हलकेच वर. तार सालीत रुतायला लागली होती, म्हणजे बरेच हंगाम ती तिथे आहे. एक एक वेढा कापत काढली, उलटी फिरवली असती तर फांदी गेली असती. फांदी जिथल्या तिथे राहिली, परत उसळली नाही. देवदाराची फांदी किती हट्टी असते तुला माहीत आहे. तार लवकर काढली की सगळी मेहनत पाण्यात. म्हणजे ती पूर्ण बसेपर्यंत कुणीतरी धीर धरला होता.

तांब्याची तार नानांना शेवटी पेलत नव्हती. भाजून मऊ केली तरी वेढे देताना ती कडक होत जाते आणि त्यांची बोटं दुखायची. तांब्याचं काम तू करायचास. आणि या तारेचं टोक आत वळवून छोटा डोळा केलेला आहे. असा डोळा तुझ्याशिवाय कुणी करत नाही.

तर मला सांग. ती तार तू घातलीस ना? आणि घालताना नाना काय म्हणाले?

मी माझ्या परीनं विचार करून दमलोय. खोड जाड व्हावं म्हणून एखादी फांदी मोकळी सोडतात, नंतर कापून टाकायला. पण तिला कुणी इतकी वळणं देत बसत नाही. मागची पोकळी भरायला, झाडाला खोली यावी म्हणून ठेवली असेल? शक्य आहे, पण तिथे आधीच दोन फांद्या आहेत. तिसरं म्हणजे नवा माथा. शेंडा घ्यायचा असेल तर आधी त्याच्या खालची एक फांदी तयार करून ठेवायची, तिला बळ येऊ द्यायचं, आणि मग एक दिवस जुना शेंडा तिच्यापर्यंत उतरवायचा. मी शेंड्यापुढे तळहात धरून मागे सरकलो आणि पाहिलं. माथा डावीकडे झुकतो, खोडाचं वळण पुरं होतं, आणि तो धारेवरचा समोर उभा राहतो. माझ्या अंगावर काटा आला. पण मला तेच हवंय, म्हणून मला तेच दिसतंय की काय, ही भीती आहे. तू ओळखतोस मला.

ताईला वाटतं ती नानांची आठवण आहे, तशीच ठेवावी. तिनं बोलून दाखवलं नाही, पण झाडावरची तिची नजर मी पाहिली. तशीच ठेवायची म्हणजे काय, हे तिला कसं समजावू? दोन वर्षं हात लावला नाही तर वरचा भाग जोर धरेल, खालच्या फांद्या मरतील आणि नानांचा आकार आपोआप नाहीसा होईल. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानात तो यामाकी घराण्याचा पाइन आहे ना, १६२५ पासून कुंडीत वाढवलेला, १९४५ ला हिरोशिमात बॉम्बमधून वाचलेला, १९७६ ला अमेरिकेला भेट म्हणून दिलेला. किती हात फिरले असतील त्याच्यावरून. तिथलंच बोन्सायगुरू जॉन नाकांचं जुनिपरचं वन, एकाच कुंडीत अकरा नातवंडांसाठी अकरा झाडं. नाका २००४ साली गेले, पण छाटणी कुणीतरी करतंच आहे. हे सगळं मला पटतं. तरी कातर हातात घेतली की हात थांबतो. नानांनी तो शेंडा किती वर्षं सरळ ठेवला, ते आपण दोघांनीच पाहिलंय.

ठरलंच तर कसं करायचं ते मी ठरवलंय. यंदा माती आणि मुळांना हात नाही. मागे कुंडी बदलल्यावर यानं सगळ्या सुया टाकल्या होत्या आणि तू रडवेला होऊन नानांना सॉरी म्हणत फिरत होतास, आठवतंय? शेंडा अगदी सपाट कापणार नाही, एक बोटभर ठेवून साल सोलेन, त्याचं वाळकं टोक, म्हणजे जिन करेन. धारेवरच्या झाडाच्या माथ्यावर असाच करडा खुंट उरला होता. एकच, हां. तुझ्यासारखं प्रत्येक फांदीला जिन आणि खोडाला शारी, म्हणजे साल सोललेला पट्टा, नाही. देवदाराचं लाकूड टिकतं म्हणून वाटेल तिथे सोलायचं नसतं. खालची डावी जाड फांदी तारेनं वळणार नाही, तिला कुंडीच्या कडेला ओढ बांधून दर थोड्या दिवसांनी अर्धा फेरा पीळ देईन. कापल्यावर खालचे कोंब वर धावतील, ते कातरीनं नाही, कोवळे असतानाच बोटांनी खुडायचे, नाहीतर सुयांची टोकं करपून तपकिरी होतात.

अरे हो, मुलीचं ठरल्याचं ताईकडून कळलं. फार आनंद झाला, वहिनींना आणि तिला सांग. तारीख कळव, येणारच. बदलीचं काय झालं? नव्या गच्चीवर ऊन येतं का? तुझ्या जुनिपरला ते लागेल.

सोबत फोटो आहेत: समोरून, मागून, आणि एक त्या फांदीचा जवळून. दुसऱ्या फोटोत मी शेंडा पांढऱ्या कागदानं झाकलाय. तार डबीत जपून ठेवलीय. थंडी संपायच्या आत, कळ्या हलायच्या आत लिही, मला त्याआधी कापायला हवं. आणि "तुला वाटेल ते कर" असं उत्तर पाठवू नकोस. नाना काय म्हणाले ते शब्दशः आठव. नसेल आठवत, तर चार दिवस रजा काढ आणि इकडे ये. दोघं मिळून बघू. कापायचं ठरलं तर पहिली कातर तुझी.

तुझा,
नंदू

ता. क. येताना माझा कॉनकेव्ह कटर, तो फांदी खोलगट कापायचा, आण. तो माझा आहे. नानांनी मला दिला होता, तुझ्या देखत.