कनूवाल्या मावशींना अनावृत पत्र

ती. मावशींना सा. न. वि. वि.

फोनवर आभार मानायला लागलं की तुम्ही लगेच विषय बदलता, म्हणून हे चारचौघांत लिहिते आहे. इथे तुम्हाला मला मध्येच तोडता यायचं नाही.

तुम्ही ज्यांना ज्यांना कॅनडातल्या अल्गॉन्क्विन पार्कात नेलंत, ते सगळे तुमच्या सामानाबद्दल भरभरून बोलतात. बोलायलाच हवं. केव्हलारची, म्हणजे हलक्या पण चिवट धाग्याची कनू (वल्ह्याने चालवायची अरुंद बोट), खाण्याचं 60 लिटरचं निळं बॅरल, तंबू, ताडपत्री, दोऱ्या हे सगळं नवख्या माणसाने पहिल्याच उन्हाळ्यात विकत घ्यायचं म्हटलं तर तो घरीच बसेल. पण मला आभार मानायचेत ते तुम्ही जे केलं नाहीत त्याचे.

सुरुवात पॅकिंगपासूनच झाली. तुमच्या दिवाणखान्यात आम्ही सामानाचा ढीग मांडला, तेव्हा कुठलीही वस्तू काढून टाका असं तुम्ही म्हणाला नाहीत. पार्कच्या आतल्या भागात डबाबंद पदार्थ आणि काचेच्या बाटल्या चालत नाहीत, तेवढं सांगितलंत. मग बॅरल पाठीला लावून म्हणालात, "जरा जिना चढून उतरून या." खाली येईपर्यंत अर्धा ढीग आमचा आम्हीच बाजूला काढायचं ठरवलं होतं.

हे पार्क 1893 साली राखीव झालं. साडेसात हजार चौरस किलोमीटरच्या वर पसरलेलं आहे आणि त्यात दोन हजार किलोमीटरहून जास्त कनूचे मार्ग आहेत. नकाशावर निळी तळी बघून वाटतं, नुसतं वल्हवत जायचं. पण दोन तळ्यांच्या मधे पोर्टेज असतो, म्हणजे बोट डोक्यावर आणि सामान पाठीवर घेऊन तुडवायची जंगलवाट. केव्हलारची कनू वीसेक किलोच भरते, तरी ती एकट्याने उचलून मधली आडवी दांडी खांद्यावर घेणं हे बळापेक्षा युक्तीचं काम आहे. ती युक्ती तुम्ही एकदाच दाखवलीत. आधी मांडीवर, मग एका झोक्यात डोक्यावर. दुसऱ्यांदा दाखवा म्हटल्यावर "आता तू" म्हणून पुढे चालू लागलात. बॅरलचा पट्टा कपाळावर नाही, केस सुरू होतात त्याच्या जरा वर डोक्यावर घ्यायचा, म्हणजे भार मान न मोडता सरळ कण्यातून खाली जातो, हेही चालता चालताच सांगितलंत. पूर्वी फरच्या व्यापारातले वल्हेकरी याच पट्ट्यावर चाळीस-चाळीस किलोची दोन-दोन गाठोडी एका खेपेत नेत. हे ऐकून माझ्या नवऱ्याने कुरकुर बंद केली, निदान त्या दिवसापुरती.

कनू सरळ नेण्याचंही तेच. मागे बसून उजवीकडे वल्हवलं की बोटीचं तोंड डावीकडे वळतं. वल्हं मागे ओढून झालं की शेवटी वरच्या हाताचा अंगठा खाली फिरवून पातं जरा बाहेर ढकललं की ती पुन्हा सरळ होते. आम्ही तळ्यावर नागमोडी जात होतो आणि तुम्ही शेजारच्या कनूतून शांतपणे पक्षी बघत होतात.

पण खरे आभार आहेत त्या पावसातल्या आगीचे. दुपारपासून रिपरिप चालू होती. लेक तेव्हा चौदाची, आणि आग मीच पेटवणार म्हणून अडून बसलेली. तुम्ही तिला छोटी कुऱ्हाड आणि चाकू दिलात आणि ओंडक्यावर जाऊन बसलात. काडी लावली की विझायची. नवरा लायटर घेऊन सरसावला तर त्याला तुम्ही पाणी आणायला पिटाळलंत. पाण्याची पिशवी भरलेलीच होती, हे मी पाहिलं होतं. बऱ्याच वेळाने तुम्ही एवढंच विचारलंत, "बाहेरून ओलं आहे, पण आतून कसं असेल?" तिने मनगटाएवढं वाळकं लाकूड उभं चिरलं. आतला गाभा ठणठणीत कोरडा! चाकूने त्याच्या कुरळ्या ढलप्या सोलल्या, टोकाशी न तोडता. खाली ठेवली पडलेल्या बर्चची साल. तिच्यात तेलकट द्रव्य असतं, त्यामुळे ती भिजली तरी काळा धूर सोडत पेटते. जिवंत झाडाला हात लावायचा नाही, ही ताकीद कनूतच मिळाली होती. मग काडीएवढी, पेन्सिलीएवढी, अंगठ्याएवढी अशी लाकडं चढत्या क्रमाने. आग धरली. तुम्ही "शाब्बास"सुद्धा म्हणाला नाहीत, फक्त शेकायला हात पुढे केलेत. त्या एका गोष्टीने लेकीच्या चालण्यात जो फरक पडला, तो आमच्या कौतुकाने कधीच पडला नसता.

पुढे ज्याने आग पेटवली त्याचीच ती, दुसऱ्याने लाकूड सरकवायचं नाही, हा तुमचा कायदा. त्या रात्री काठीला मळलेलं पीठ गुंडाळून बॅनक, म्हणजे शेकोटीवरचा साधा पाव, भाजला. तो बाहेरून करपला, आतून कच्चा राहिला, आणि तरीही संपला. मग तुम्ही टॉम थॉमसनची गोष्ट सांगितलीत. एवढा पाण्याला सरावलेला चित्रकार, 1917 च्या जुलैमध्ये इथल्याच कनू लेक नावाच्या तळ्यावर त्याची कनू रिकामी सापडली, आठ दिवसांनी तो. बुडाला म्हणून नोंद झाली, पण लोक अजून भांडतात. "पुढचं कोणाला माहीत नाही, झोपा आता," म्हणून तुम्ही तंबूत गेलात. मुलं कसली झोपतात!

जिथे गप्प बसायचं नाही तिथे मात्र तुम्ही अजिबात गप्प बसला नाहीत, हेही लिहायला हवं. लाइफ जॅकेट पायाशी ठेवलेलं दिसलं की कनू पाण्यात जात नसे. पंधरा मीटरची तरंगणारी दोरी, पाणी उपसायचं भांडं, शिट्टी, सगळं तुम्ही स्वतः तपासायचात. थंड पाण्याचा 1-10-1 तुम्ही पोरांकडून पाठ करून घेतलात: श्वास ताब्यात यायला एक मिनिट, हातपाय कामाचे राहतात ती दहा मिनिटं, शुद्ध हरपायला साधारण तासभर. वारा सुटायच्या आत मोठं तळं ओलांडायचं म्हणून पहाटे उठवताना तर तुम्ही कुणाचीही भीड ठेवली नाहीत. आणि आग विझवताना पाणी ओता, ढवळा, पुन्हा ओता, राखेला हात लावून बघा. वरून विझलेली आग मुळांमधून धुमसत राहते, म्हणून या कामात तुम्ही कोणावरच विसंबत नव्हतात.

त्या गार राखेतली चिमूटभर तुम्ही फिल्मच्या जुन्या डबीत भरलीत. पुढच्या शेकोटीत टाकायची, ही स्काउटांची रीत. ती डबी निघताना तुम्ही लेकीच्या हातात दिलीत आणि तिच्यात कुठकुठली राख आहे ते गाडीत बसेपर्यंत सांगत होतात. ती डबी तिने तेव्हापासून दर शेकोटीला नेली आहे. राख वाढते आहे, लवकरच मोठी डबी लागेल.

गुडघ्यांच्या ऑपरेशननंतर तुम्ही जाणं बंद केलंत, असं कळलं. ऑगस्टसाठी आम्ही पोर्टेज न लागणारी जागा शोधतो आहोत. आरक्षण पाच महिने आधी उघडतं, म्हणजे मार्चमध्ये. एका साइटवर नऊ जण चालतात, आम्ही आठ आहोत. तारखा तुम्ही सांगा. चढता-उतरताना लेक तुम्हाला धरेल, बसायला मधली जागा मिळेल, आणि वल्हं मागायचं नाही.

आपली,
पुढच्या वल्ह्यावरची