रत्नागिरी शहरासाठी दोन दिवस राखून ठेवावेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळीच्या सुट्टीतील सहलींविषयी आपल्या रविवारच्या पुरवणीत आलेल्या लेखात कोकणातील अनेक ठिकाणांचे रसाळ वर्णन आहे. मात्र रत्नागिरी शहराची बोळवण ‘गणपतीपुळ्याला जाताना लागणारे रेल्वे स्थानक’ एवढ्यावरच झाली. आम्हा नाशिककरांच्या सहलीही बहुधा अशाच आखल्या जातात. पुळ्याचे दर्शन घ्यायचे, आरे-वारेच्या वळणावर फोटो काढायचे आणि मालवणचा रस्ता धरायचा. नुकताच सहकुटुंब रत्नागिरीत मुक्काम केल्यानंतर ही आखणी बदलायला हवी असे वाटते, म्हणून हे पत्र.

या शहरात नाशिककराने सर्वांत आधी पाहावे ते पतितपावन मंदिर. भगूरचे सावरकर 1924 ते 1937 या काळात रत्नागिरीत स्थानबद्ध होते. राजकारणात भाग घेण्यास सरकारची बंदी असल्याने त्यांनी अस्पृश्यतानिवारणाचे काम हाती घेतले, आणि सर्व जातींच्या हिंदूंना प्रवेश असलेले हे मंदिर भागोजीशेठ कीर यांनी स्वतःच्या पैशाने बांधून दिले. ते 1931 साली खुले झाले. त्याच्या आदल्याच वर्षी, 2 मार्च 1930 रोजी, आपल्या पंचवटीत डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला होता आणि तो पाच वर्षे चालूनही दार उघडले नव्हते. हे दोन प्रयत्न एकाच मापाने मोजू नयेत, असे माझे मत आहे. जुन्या देवळात हक्काने जाण्याची मागणी करणे वेगळे आणि सर्वांसाठी नवे देऊळ उभारणे वेगळे. पहिले कितीतरी कठीण होते, आणि त्या कठीणपणाचा शेवट येवल्याच्या 1935 च्या धर्मांतराच्या घोषणेत कसा झाला हे आपल्या जिल्ह्याला सांगायला नको. तरीही काळारामाच्या दारातून रोज जाणाऱ्या माणसाला रत्नागिरीच्या या साध्या मंदिरात जे प्रश्न पडतात, ते इतर पर्यटकाला क्वचितच पडतील.

थिबा राजवाड्याची गोष्ट निराळीच आहे. ब्रह्मदेशाचा राजा थिबा याला इंग्रजांनी 1885 मध्ये पदच्युत केले आणि पुढच्या वर्षी रत्नागिरीत आणून ठेवले. आज आपण पाहतो तो लाल, उतरत्या छपरांचा राजवाडा 1910 च्या सुमारास तयार झाला. म्हणजे तीस वर्षांच्या बंदिवासातील शेवटची सहाच वर्षे राजाला तेथे मिळाली. 1916 मध्ये रत्नागिरीतच त्याचा अंत झाला. राजवाड्यातील संग्रहालय पाहून बहुतेक लोक परततात, पण शहरातच असलेल्या त्याच्या समाधीकडे फारसे कोणी फिरकत नाही. 2012 मध्ये म्यानमारच्या राष्ट्राध्यक्षांनी मुद्दाम येऊन जिचे दर्शन घेतले, तिच्यासाठी आपण अर्धा तास काढायला हरकत नसावी. टिळक आळीतील लोकमान्यांचे जन्मस्थानही चुकवू नये.

समुद्राविषयी थोडेच लिहितो, कारण त्याची जाहिरात कोणी करावी लागत नाही. रत्नदुर्गावर भगवती देवीचे दर्शन घेऊन तटावरून फिरले की खाली मिरकरवाडा बंदरातील होड्या दिसतात. मांडवीची काळी वाळू आणि भाट्ये येथील सुरूचे बन एकाच संध्याकाळी पाहून होते. मासे खाण्याच्या बेताने जाणाऱ्यांनी मात्र जून-जुलै टाळावा. त्या काळात यांत्रिक नौकांच्या मासेमारीला बंदी असते.

शहरापासून जवळच्या सड्यांवरील, म्हणजे कातळी पठारांवरील, कातळशिल्पांचा उल्लेख आपल्या लेखात अजिबात नव्हता, याचे अधिक आश्चर्य वाटले. जांभ्या दगडात कोरलेली ही प्रागैतिहासिक चित्रे 2022 पासून युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत. उक्षी येथील हत्ती पाहताना मुलांनी जितके प्रश्न विचारले तितके कोणत्याच किल्ल्यावर विचारले नव्हते. सकाळी लवकर किंवा उन्हे कलल्यावर जावे. भर दुपारी कातळ तापतो आणि उथळ रेषा डोळ्यांना लागत नाहीत.

आता अडचणीचे. रस्त्याने नाशिक ते रत्नागिरी हे अंतर चारशे किलोमीटरहून अधिक आहे, आणि मुले व वृद्ध बरोबर असताना ते एका दिवसात कापणे जिवावर येते. दिल्लीकडून येणारी मंगला एक्स्प्रेस नाशिक रोडहून कल्याण-पनवेलमार्गे थेट रत्नागिरीला जाते, परंतु ती केरळपर्यंत जाणारी गाडी असल्याने सुट्टीत आमच्या वाट्याला प्रतीक्षायादीच येते. दिवाळी आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत नाशिक रोडहून रत्नागिरीपर्यंत विशेष गाडी सोडण्याची मागणी प्रवासी संघटनांनी व लोकप्रतिनिधींनी रेल्वेकडे करावी, आणि आपल्या दैनिकाने ती लावून धरावी, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, नाशिक रोड