खोक्यावर २१२, मूर्तीच्या तळाला ४६७

पेण, जि. रायगड
दिनांक : २४ मे

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी

विषय : मर्यादित आवृत्तीची ड्रॅगन मूर्ती दुरुस्त केलेली व चुकीच्या क्रमांकाची मिळाल्याबाबत

महोदय,

१२ मे रोजी आपल्याकडून ड्रॅगनची मूर्ती मिळाली. आयात शुल्क आणि वाहतूक धरून ४८,५०० रुपये मी आगाऊ भरले होते. 'कोरी, सीलबंद, क्रमांकित, एकूण ७५० नग' असं आपण विकताना लिहिलं होतं. मिळालेली मूर्ती कोरी नाही आणि तिचा क्रमांक खोक्याशी जुळत नाही. दोन ई-मेल केले. दोन्ही वेळा 'हातकामात थोडा फरक असतोच' असं उत्तर आलं आणि सोबत पुढच्या खरेदीवर दहा टक्के सवलतीचं कूपन. ते कूपन मला नको.

हातकामातला फरक मला नवा नाही. आमचा घरचा गणपतीचा कारखाना आहे आणि गेली बावीस वर्षं मी मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करते. एकाच साच्यातून निघालेल्या दोन मूर्तींची नजर कधी एकसारखी येत नाही. ही मूर्तीसुद्धा मी डोळ्यासाठीच घेतली. आपण दाखवलेल्या फोटोत ड्रॅगनच्या उभ्या बाहुलीभोवती केशरी वलय होतं, त्याच्या आत पिवळ्याच्या बारीक रेषा आणि वर ओलसर दिसणारं व्हार्निश. हे काम कुणी, कसं केलं असेल, ते हातात घेऊन बघायचं होतं. दोन हंगामांचे पैसे त्यासाठी बाजूला ठेवले. डोळा खरोखरच तसा आहे. ज्यांनी तो रंगवला त्यांच्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही.

खोकं उघडताना भाचीने मोबाइलवर सलग चित्रीकरण केलं आहे, ते सोबत जोडते. बाहेरच्या पुठ्ठ्याचा एकही कोपरा दबलेला नाही. मात्र चिकटपट्टी दुहेरी होती. वरची पट्टी काढल्यावर खाली आधीची कापलेली पट्टी दिसली. तिच्या कडेला पुठ्ठ्याचा कागद सोलून निघाला होता. आतल्या थर्मोकोलच्या दोन भागांभोवतीची पट्टीही अशीच कापून पुन्हा लावलेली होती. म्हणजे माझ्या आधी हे खोकं कुणीतरी उघडलं होतं.

पंख वेगळे आले होते. पॉलिस्टोनची मूर्ती म्हणजे रेझिनमध्ये दगडाची भुकटी मिसळून ओतलेलं काम. हाताला गार लागते, वजनदार असते, आणि पातळ जागी पटकन तुटते. डावा पंख खाचेत सहज बसला. उजवा तळव्यावर धरून उन्हात तिरका केला तेव्हा खांद्याजवळच्या बोटभर पट्ट्यावर वेगळीच चमक दिसली. बाकीचा रंग मॅट आहे, एवढाच पट्टा चकाकतो. भिंगाखाली पाहिलं तर त्या पट्ट्याच्या मध्ये केसाएवढी भेग, भेगेतून बाहेर आलेला पिवळसर गोंद आणि त्या गोंदात रुतून बसलेला थर्मोकोलचा एक दाणा. दाण्यावरही तोच चकाकणारा रंग लागला आहे.

हा दाणाच माझा मुख्य पुरावा आहे. कारखान्यात रंगकाम आधी होतं, थर्मोकोलमध्ये मूर्ती नंतर जाते. रंगाखाली थर्मोकोल सापडतो याचा अर्थ पंख पॅकिंगनंतर तुटला, मग जोडला आणि वरून रंगवला. झटपट चिकटणारा पातळ गोंद वापरला असता तर त्याने थर्मोकोल विरघळला असता. इथे दाणा शाबूत आहे आणि गोंद जाड, पिवळसर आहे. दोन ट्यूबांतला एकत्र कालवून लावायचा इपॉक्सी असाच दिसतो. तो पक्का व्हायला तास जातात. म्हणजे मूर्ती बराच वेळ खोक्याबाहेर कुणाच्या तरी टेबलावर होती. वाहतुकीत मोडली असती तर मला तुकडे मिळाले असते, जोडलेला पंख मिळाला नसता.

मग तळ उलटा केला. तिथे हाताने लिहिलं आहे ४६७/७५०. खोक्यावरच्या स्टिकरवर आणि प्रमाणपत्रावर २१२. अशा मूर्तीला जी जादा किंमत मोजतात ती या जुळणाऱ्या क्रमांकांचीही असते. क्रमांक जुळत नसेल तर ही वस्तू उद्या कुणी विकतही घेणार नाही. मला ती विकायची नव्हती, पण मी पैसे त्या क्रमांकाचेच भरले आहेत.

आमच्याकडे मूर्ती खंडित झाली तर ती गिऱ्हाईकाच्या हाती जात नाही. हंगामाच्या शेवटच्या आठवड्यात, मागणी दारात उभी असताना, वडिलांना मोडलेल्या मूर्ती बाजूला काढताना मी पाहिलं आहे. तुटल्याचा मला राग नाही, वस्तू तुटते. तुटलेलं रंगाखाली झाकून पूर्ण किमतीला विकलं, याचा आहे. आणि ज्याने झाकलं त्याला रंग जुळवायलाही वेळ काढावासा वाटला नाही, हे एक रंगकाम करणारी म्हणून अधिकच लागलं.

माझी मागणी अशी : खोकं, प्रमाणपत्र आणि तळ या तिन्हींवर एकच क्रमांक असलेली, न उघडलेली मूर्ती द्या. ती शिल्लक नसेल तर पूर्ण ४८,५०० रुपये परत करा आणि मूर्ती नेण्याची व्यवस्था आपल्या खर्चाने करा. सगळं पॅकिंग, जुन्या चिकटपट्टीसकट, मी जपून ठेवलं आहे. पंख पुन्हा दुरुस्त करून देण्याचा प्रस्ताव पाठवू नये. दुरुस्तीच हवी असती तर ती मी घरी याहून चांगली केली असती.

ई-कॉमर्स नियम, २०२० प्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवं. तसं झालं नाही तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली मी अलिबागच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करेन. तक्रारदार राहतो तिथे दाद मागण्याची सोय त्या कायद्यात आहे, त्यामुळे मला आपल्या शहरात यावं लागणार नाही.

आणखी एक. माझ्या हाती ४६७ आहे, तर तळाला २१२ लिहिलेली मूर्ती बहुधा दुसऱ्या कुणाच्या घरी ४६७ च्या खोक्यातून गेली असेल. त्यांनी कदाचित अजून तळ उलटून पाहिला नसेल. त्यांनाही आपण स्वतःहून कळवावं आणि तसं कळवल्याचं मला लेखी द्यावं.

आपली ग्राहक
(नाव, ऑर्डर क्रमांक, पावती, पंखाचे भिंगातून काढलेले सहा फोटो आणि चित्रीकरण ई-मेलसोबत जोडले आहे.)