डब्यावरचं ४के आणि अडखळणारं चित्र

मा. संपादक,
स.न.वि.वि.

टीव्हीला लावायची स्टिक किंवा बॉक्स कुठला घ्यावा यावरचे लेख सगळीकडेच येतात, आपल्या पुरवणीतही येतात, आणि सगळ्यांत तेच असतं, ४के आहे का, अ‍ॅप किती, रिमोटवर बोलून शोधता येतं का. पण व्हिडिओ न अडखळता चालेल का हे कुणी सांगतच नाही, आणि घेणाऱ्याला खरं तर तेवढंच हवं असतं, म्हणून हे पत्र.

पहिली गोष्ट म्हणजे दर वेळी नेटला शिव्या घालणं बंद करा. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा असतो आणि बॉक्स टीव्हीला बहुतेक वेळा ६० हर्ट्झने, म्हणजे सेकंदाला ६० वेळा, चित्र पाठवतो. आता ६० ला २४ ने भाग सरळ जात नाही, मग एक फ्रेम तीनदा, पुढची दोनदा, परत तीनदा असं चालतं. मारामारीच्या सीनमध्ये काही कळत नाही, पण कॅमेरा हळूहळू डावीकडून उजवीकडे सरकत असेल ना तेव्हा खांब, झाडं, खिडक्यांच्या कडा बघा, बारीक झटके घेत सरकतात. नेट कितीही वाढवलं तरी हे जाणार नाही. त्यासाठी बॉक्सने व्हिडिओच्या फ्रेम रेटप्रमाणे टीव्हीचा रेट बदलायला हवा. अ‍ॅपल टीव्हीत ‘मॅच फ्रेम रेट’ आणि फायर टीव्हीत ‘मॅच ओरिजिनल फ्रेम रेट’ असं सेटिंग आहे, पण अ‍ॅपनेही साथ द्यायला लागते आणि बऱ्याच घरी ते बंदच पडलेलं असतं. पाल (PAL) या आपल्याकडच्या जुन्या टीव्ही पद्धतीच्या कॅमकॉर्डरचे २५ फ्रेमवाले व्हिडिओ असतील तर तीच रड. फोनवर ३० ने घेतलेला मात्र सरळ दुप्पट होतो, त्यामुळे तिथे हा त्रास नाही.

फोनच्या व्हिडिओचा त्रास वेगळाच. नेटफ्लिक्स ४केसाठी १५ एमबीपीएसचा (सेकंदाला १५ मेगाबिट) स्पीड पुरे म्हणतं, आणि आयफोनवर ४के ६० फ्रेमने घेतलेला एक मिनिटाचा व्हिडिओ साधारण ४०० एमबी होतो, म्हणजे सेकंदाला ५० मेगाबिटच्या वर! लग्नाचं शूटिंग घरच्या कॉम्प्युटरवरून वायफायने टीव्हीवर लावलं की गोल गोल फिरतं ते यामुळे, त्यात स्टिक बसलेली असते टीव्हीच्या मागे भिंतीला चिकटून, सिग्नल जेमतेम. सोबत छोटी एचडीएमआय वायर आली असेल तर ती लावून स्टिक जरा बाहेर काढा, ५ गिगाहर्ट्झचं वायफाय जोडा, जमलं तर लॅन केबलच घाला. आणि स्टिकला करंट टीव्हीच्या यूएसबीतून नको, तो कधीकधी कमी पडतो आणि स्टिक मधेच रीस्टार्ट होते, सोबतचा अ‍ॅडॉप्टरच वापरा.

आता कोडेक, म्हणजे व्हिडिओ दाबून साठवायची आणि परत उलगडायची पद्धत. हल्लीचे बरेच फोन एचईव्हीसी या कोडेकमध्ये रेकॉर्ड करतात, ऑनलाइन व्हिडिओ एव्ही१ या दुसऱ्या कोडेककडे चाललेत, आणि बॉक्सच्या चिपलाच तो फॉरमॅट उलगडता येत नसेल तर सगळा भार प्रोसेसरवर येतो आणि मग स्लाइड शो बघत बसा. प्लेक्स किंवा जेलीफिन (घरच्या कॉम्प्युटरवरचे व्हिडिओ टीव्हीवर लावायचे प्रोग्रॅम) वापरणाऱ्यांना हे माहीत असेल, बॉक्सला फाइल झेपली नाही की कॉम्प्युटर ती चालू असतानाच बदलून पाठवतो, पंखा घरघरतो, तरीही चित्र थांबतंच. कधी तर चित्राला काही झालेलं नसतं, नुसता आवाज डीटीएस नावाच्या फॉरमॅटमध्ये असतो किंवा सबटायटल चित्राच्या स्वरूपातली असतात, तेवढ्यावरून हा सगळा खटाटोप!

म्हणून घेण्याआधी आपलीच दोन-तीन नेहमीची फाइल पेनड्राइव्हवर नेऊन लावून बघा, दुकानदाराला विचारायला कसली लाज (यूएसबी नसलेली स्टिक असेल तर तिथे हे जमणारच नाही, मग ओळखीतल्या कुणाच्या घरी बघा). अनोळखी ब्रँडचा बॉक्स असेल तर वाइडवाइन एल१ (व्हिडिओची कॉपी रोखणाऱ्या कुलपाची सगळ्यात वरची पातळी) आहे का ते आधी विचारा, नाहीतर डब्यावर ४के लिहिलेलं असतं आणि पैसे भरून घेतलेल्या अ‍ॅपवर चित्र मिळतं ४८०पीचं, म्हणजे ४केपेक्षा कितीतरी धूसर.

कंपन्यांनी कुठला कोडेक किती फ्रेमपर्यंत चालतो आणि फ्रेम रेट आपोआप बदलतो का हे डब्यावरच छापलं तर बरं होईल. तोवर निदान आपल्या पुरवणीने पुढच्या तुलनेत या दोन गोष्टींचा रकाना टाकावा ही विनंती, रिमोटचा रंग नाही सांगितला तरी चालेल.

आपला,
एक वाचक